खोकल्याची पुडी

वॉन (टोरांटोजवळ), १८ फेब्रुवारी २०२४

यामिनी,

तुला व्हॉट्सॲपवर काहीही पाठवलं तरी एकच टिक दिसते. फोन लावला तर वाजतच नाही. तेव्हा आता कागद. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच टाकून देणार असशील तर खुशाल दे. तुझा राग लहानपणापासून असाच. भांडण कुणाशीही असो, उपाशी तू राहायचीस आणि समजूत काढायला मी यायचे.

शिवांगीला जाऊन आज चार आठवडे झाले. गंधार अस्थी घेऊन परतला, त्यालाही तीन होतील. त्याच्यासमोर मी काही बोलू शकले नाही. बहिणीच्या खोलीत तो नुसता बसून राहायचा आणि तिचे वेअरहाऊसचे बूट उचलून परत खाली ठेवायचा.

तुझ्या भावजींनी, चारुदत्तने, तुला फोनवर जे सांगितलं ते पोलिसांनी सांगितलं तसंच होतं. शवविच्छेदनाच्या वेळी झटपट करतात त्या चाचणीत मॉर्फिनच्या जातीचं काहीतरी निघालं. इथे असं काही निघालं की पोलिस पहिल्यांदा हेरॉइनबद्दलच विचारतात. त्यावर तू मला म्हणालीस, "ताई, तुझ्या घरात राहून माझी मुलगी नशा करायला लागली आणि तुला कळलंही नाही?" आणि फोन ठेवलास. त्यानंतर आजपर्यंत एक शब्द नाही.

काय झालं ते परत सांगते. दोन आठवडे तिला खोकला होता. वॉक-इन क्लिनिकने अँटिबायोटिक दिलं होतं. दिवसभर गोदामात उणे पंधरामध्ये उघडझाप करणाऱ्या दारापाशी उभं राहायचं, मग खोकला जाणार कसा? तिला सुट्टी घे म्हटलं तर पीआरचं, इथे कायम राहायच्या परवान्याचं, कारण पुढे करायची. शनिवारी रात्री मऊ भात खाऊन बेसमेंटमध्ये झोपायला गेली. रविवारी दहाला मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा ती थंड होती. मी चारुदत्तला हाक मारली, त्याने अँब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत मी तिच्या उशाशी जरा आवराआवर केली. परकी माणसं येणार, पसारा नको म्हणून.

पोलिसांनी विचारलं, अँटिबायोटिकशिवाय काही घेत होती का? मी नाही म्हणाले. ते मॉर्फिन कुठून आलं, मला ठाऊक नाही.

आता सगळे नमुने टोरांटोच्या सरकारी प्रयोगशाळेत गेले आहेत. तीन-चार महिने लागतात म्हणे. एकदा कागदावर सही झाली आणि फाईल बंद झाली की आपल्याला सगळ्यांनाच जरा श्वास घेता येईल.

ताई


वॉन, २७ मार्च २०२४

यामिनी,

फाईल बंद होत नाहीये. एक बाई सही करायला तयार नाही.

इथे अचानक मृत्यू झाला की त्याची चौकशी एक सरकारी डॉक्टर करतो, त्याला कॉरोनर म्हणतात. त्याने काल आमच्याशी व्हिडिओवर बोलायचं ठरवलं होतं आणि सोबत प्रयोगशाळेतल्या विषतज्ज्ञ बाईंनाही घेतलं होतं. डॉ. नोरीन मॅकआयझॅक. पन्नाशीच्या असतील. केस पांढरे, रंगवलेले नाहीत. मागे खिडकीत एक सुकलेली कुंडी. मी मनात म्हटलं, झाडाला पाणी घालायला वेळ नाही, ही काय शोधणार.

पण बाईने शोधलंय. मला समजलं तसं सांगते, बी.एस्सी. तू आहेस, चुकलं तर सुधारून घे. हेरॉइन शरीरात गेलं की त्याचं मॉर्फिन होतं, पण होता होता ते स्वतःची एक खूण मागे ठेवतं. ती खूण रक्तात लवकर पुसते, म्हणून या बाईंनी लघवीत शोधली, डोळ्यातल्या पाण्यासारख्या द्रवातही शोधली. नाही सापडली. बाजारातल्या हेरॉइनमध्ये भेसळ असते, तीही नाही. रक्त त्यांनी मांडीच्या शिरेतलं घेतलं होतं. का, तर माणूस गेल्यावरही औषध शरीरात सरकत राहतं आणि छातीतलं रक्त खोटी साक्ष देऊ शकतं. बाई हे अगदी शांतपणे सांगत होत्या, आपण कुकरच्या शिट्ट्या सांगाव्यात तसं.

आणि तिचे केस. तिच्या त्या लांब केसांमधली पेन्सिलीएवढी एक बट त्यांनी टाळूपासून कापून घेतली होती. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यांनी त्याचे तुकडे करून महिनावार तपासले, वर्षभराचे. एकाही महिन्यात काही नाही. बाई म्हणाल्या, "ही मुलगी नशा करत होती असं मला माझ्या पुराव्यात कुठेही दिसत नाही. म्हणून तसा अर्थ निघेल अशा कागदावर मी सही करणार नाही."

चारुदत्त रडला. त्याला रडताना मी सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं.

रक्तात पॅरासिटामॉल सापडलंय, साध्या मात्रेत, आणि कोडीन नावाचं औषध, अगदी थोडं. मॉर्फिन मात्र पुष्कळ. हे गणित बाईंना जुळत नाहीये. त्यांनी मला विचारलं, घरात परदेशातून आणलेली काही औषधं आहेत का, दुखण्याची, खोकल्याची? काहीही असो, कोणी रागावणार नाही.

मी म्हटलं, आमच्याकडे तसलं काही नाही.

ताई


वॉन, १७ एप्रिल २०२४

यामिनी,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

मी खोटं बोलले. पोलिसांशी बोलले, त्या बाईंशी बोलले आणि तुला दोन पत्रांतून लिहिलं. कोडीनची गोळी मी दिली.

माझा औषधांचा डबा तू पाहिला आहेस, बाकरवडीचा. दर भारतवारीत मी त्यासाठी वर्षभराच्या गोळ्या आणते. बॅगेत जागा वाचावी म्हणून सगळ्या गोळ्या पाकिटांतून काढून कागदाच्या पुड्यांत बांधते आणि वर लिहिते: पोट, ताप, कंबर, खोकला. गोळीचं नाव काय, त्यात काय आहे, हे कधी लिहिलं नाही. मला माहीत असायचं ना. निदान मला तसं वाटायचं. मंडळातल्या निम्म्या बायका माझ्या पुड्यांवर बऱ्या झाल्यात आणि मी त्याची मिरवणूकही काढलीय. उंटावरचा शहाणा तरी बरा, तो नुसता सल्ला देतो.

शुक्रवारी शिवांगीला खोकून खोकून बरगड्या दुखायला लागल्या. मी "खोकला" लिहिलेली पुडी तिच्या उशाशी ठेवली आणि म्हटलं, सहा-सहा तासांनी एक घे, मी कैक वर्षं घेतेय. तिने विचारलं, "मावशी, यात काय आहे?" मी म्हटलं, "यात माझा विश्वास आहे, घे." हे वाक्य मला आता रोज ऐकू येतं.

रविवारी मी उशाशी आवरलं ते हेच. पुडी उचलली आणि डब्यात परत ठेवली. त्या क्षणी माझ्या मनात तिच्याबद्दल काहीच नव्हतं. मला पोलिस दिसत होते. मग मॉर्फिन निघालं आणि मी स्वतःची समजूत घातली की माझी तर खोकल्याची गोळी, मॉर्फिनचा तिच्याशी काय संबंध. पण मॅकआयझॅकबाईंनी "खोकला" हा शब्द उच्चारला त्या दिवशी मला कळलं होतं. कळूनही मी नाही म्हणाले. मांजर डोळे मिटून दूध पितं, मी डोळे उघडे ठेवून प्यायले.

मग आता का सांगते आहे, तर ऐक. शनिवारी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता. श्रीखंड माझ्याकडे होतं, नेहमीसारखं. जेवणाआधी नव्या विद्यार्थ्यांसाठी एक भाषण ठेवलं होतं, विषय व्यसन. बोलणारे गृहस्थ भले आहेत, त्यांना दोष नाही. ते म्हणाले, हे दुसऱ्यांच्या घरात होतं असं समजू नका, आपल्यातलीच एक मुलगी जानेवारीत गेली, मावशीच्या घरात राहून मावशीला पत्ता लागला नाही. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दयेने बघितलं गं. एकीने माझा हात धरला. माझ्या डोक्यावर सहानुभूतीची छत्री आणि तुझी पोर उन्हात, असं ते दृश्य होतं. मी तो हात सोडवून घेतला आणि घरी आले. श्रीखंड कुणी वाढलं, देव जाणे.

चारुदत्तला त्याच दुपारी सांगितलं. तो म्हणाला, "सोमवारी आपण दोघं जाऊ. तू एकटी जायचं नाही." सोमवारी डबा घेऊन पोलिसांकडे गेलो. त्यांनी जबाब घेतला, जवळजवळ तीन महिने लपवल्याबद्दल विचारायचं ते सगळं विचारलं, आणि त्यांनी विचारायलाच हवं होतं. पुढे काय करायचं ते वकील बघतील.

काल त्या बाईंशी परत बोलणं झालं. मला वाटलं होतं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी विचारलं, पहिली गोळी किती वाजता घेतली? पोट रिकामं होतं का? एकूण किती मोजून दिल्या, किती उरल्या? दहा दिल्या होत्या, चार उरल्या होत्या. त्यांनी प्रत्येक उत्तर लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "थँक यू, मिसेस देशमुख. मला हेच हवं होतं." माझ्या खोटेपणाबद्दल चकार शब्द काढला नाही. पोरीची बाजू समोर यावी एवढंच त्यांना हवं होतं, मला शिक्षा करण्यात त्यांना रस नव्हता. असलं माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही. ही बाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, पण पाया पडावंसं वाटलं.

तरी त्यांचं समाधान झालेलं नाही. दीड दिवसात सहा गोळ्या ही साधी मात्रा आहे, एवढ्याने तरुण मुलगी मरायला नको, असं त्या म्हणतात. त्यांनी तिचं रक्त आणखी एका तपासणीला पाठवलंय.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं तुझ्यावर कशाला.

अरुणा


वॉन, ८ जून २०२४

यामिनी,

हे कुरियरने पाठवते आहे आणि पाकिटावर लाल शाईने "ऑपरेशनच्या आधी वाच" असं लिहिलं आहे. तुझी गुडघ्याची शस्त्रक्रिया २६ तारखेला आहे, गंधार म्हणाला. त्याला मी सगळं फोनवर सांगितलं, अहवालही ईमेल केला. पण तो म्हणतो, माझं नाव काढलं की तू खोलीतून उठून जातेस, आणि माझ्या सांगण्यावरून तू रक्त तपासायला देणार नाहीस. म्हणून हात जोडून सांगते, माझा राग ठेव, पण हे शेवटपर्यंत वाच.

तपासणीचा निकाल आला. कोडीन हे स्वतः फार काही करत नाही. यकृत त्याचं थोडं थोडं मॉर्फिन करतं आणि आराम पडतो तो त्या मॉर्फिनने. कुणाचं यकृत हे काम सावकाश करतं, कुणाचं बेताने. शंभरात एखाद-दोन माणसं अशी असतात की त्यांच्यात हे काम करणारा जनुक एकाऐवजी दोन-दोन, तीन-तीन असतो. त्यांच्या अंगात साधी गोळी भराभर मॉर्फिन होऊन जाते. शिवांगी त्यातली होती. म्हणून कोडीन थोडं आणि मॉर्फिन पुष्कळ. त्यात छातीत न्यूमोनिया सुरू झालेला, श्वास आधीच उथळ. झोपेत तो आणखी मंद होत गेला. तिला काही कळलं नसेल, असं बाईंनी मला दोनदा सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तरी.

अहवालात लिहिलंय: अपघाती मृत्यू. व्यसनाचा कोणताही पुरावा नाही. औषध नातेवाइकाने चांगल्या हेतूने दिलेलं. "चांगल्या हेतूने" हे शब्द मी मागितले नव्हते. ते वाचून मला बरं वाटलं नाही. पोलिसांनी गुन्हा नोंदवायचा नाही असं ठरवलंय, तेही तुला माझ्याकडूनच कळावं.

सही झाली, आता काम संपलं असं मला वाटलं. तर मॅकआयझॅकबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "तिची आई आहे ना? भाऊ? त्यांना कळवलंत?" हा जनुक आईकडून येतो नाहीतर बापाकडून. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला अशा औषधांनी फार गुंगी यायची का?

यामिनी, मला तू आठवलीस. तू सहावीत असशील. आई आपल्या दोघींना खोकल्याचं ते तांबडं औषध एकेक चमचा द्यायची. मी अंगणात खेळायला जायचे आणि तू संध्याकाळपर्यंत झोपायचीस. आई म्हणायची, यामिनी नाटकी आहे, शाळा बुडवायची हिला. आम्ही सगळे हसायचो, मी सगळ्यात मोठ्याने. गंधारच्या वेळच्या सिझेरियननंतर तू दोन दिवस डोळे उघडले नव्हतेस, तेव्हाही मी म्हटलं होतं, आराम मिळाला की माहेरवाशीण अशीच पडते. हे सगळं मी बाईंना सांगितलं. बाई लिहायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "प्लीज, त्यांच्या सर्जनपर्यंत हे आजच पोहोचवा."

माझी तपासणी झाली. मी साधी निघाले. म्हणूनच कैक वर्षं माझ्यावर चाललेली गोळी सगळ्यांना चालेल असं मला वाटत राहिलं.

शस्त्रक्रियेनंतर तिथे दुखण्यावर ट्रामाडॉल देतात, तेही शरीरात याच वाटेने जातं. सोबतच्या पानावर बाईंनी भूलतज्ज्ञासाठी स्वतः लिहून दिलंय: काय टाळायचं, त्याऐवजी काय द्यायचं, आणि शंका आली तर त्यांचा नंबर. हे त्यांचं कामच नाही. मेलेल्यांचा हिशोब लावून द्यायचा, तिथे त्यांची नोकरी संपते. चारुदत्त तसं म्हणालाही. तर त्या म्हणाल्या, या मुलीने मला एक गोष्ट सांगितली आहे, ती जिला उपयोगी पडेल तिच्यापर्यंत गेली पाहिजे.

ते पान डॉक्टरांना दे. माझं पत्र फाड हवं तर, ते पान फाडू नकोस.

अरुणा


अमरावती, १४ जुलै २०२४

ताई,

तुझी चारही पत्रं मी आली त्या दिवशीच वाचली होती. गंधारला सांगितलं नव्हतं.

ते पान डॉक्टरांना दिलं. भूल देणारी मुलगी तरुण आहे, चैत्राली नाव. तिने दोनदा वाचलं आणि ऑपरेशन नऊ दिवस पुढे ढकलून रक्त मुंबईला पाठवलं. मी त्यातली निघाले. गंधारही निघाला. चैत्रालीने टोरांटोला फोन लावून अर्धा तास बोलून घेतलं आणि औषधं बदलली. पाच तारखेला गुडघा झाला. कालपासून वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते. बदलली नसती तर काय झालं असतं, ते मी तिला विचारलं. तिने नुसता माझा हात दाबला.

अहवाल मी मराठीत करून घेतला. जे जे कुजबुजले होते त्या सगळ्यांना घरी बोलावलं, चहा दिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. तुझ्या गोळीची ओळ वगळली नाही, आणि मांडीच्या शिरेची आणि केसांचीही नाही. त्या बाई किती ठिकाणी शोधत गेल्या, ते लोकांना कळायला हवं होतं. वाचून झाल्यावर मीच सांगितलं, गोळी माझ्या बहिणीने दिली आणि रक्त मी दिलं. आता मला तुझ्या एकटीवर रागावता येत नाही, आणि त्याचाही मला राग येतो. क्षमा वगैरे मला अजून जमत नाही. जमली तर कळवीन.

मॅकआयझॅकबाईंचा पत्ता पाठव. मला त्यांना स्वतः लिहायचं आहे. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल, तू मध्ये येऊ नकोस. त्यांना काय लिहिणार ते तुला सांगून ठेवते, कारण हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, गंधारलाही नाही. तुझ्या घरात हे घडलं म्हणून मी अबोला धरला, असं तुला वाटत असेल. तसं नव्हतं. चारुदत्तभावजींनी "मॉर्फिन" म्हटलं आणि मी ते लगेच मानलं. एकदाही म्हटलं नाही की माझी शिवांगी असं करणार नाही. ज्या बाईने तिला जिवंत कधी पाहिलं नाही, तिने ते मानलं नाही. आईने मानलं.

यामिनी